पगारी रजा लावली आणि विम्याचा पैसा गेला

राज्य कामगार विमा कायदा, १९४८ (इंग्रजी आद्याक्षरांनी ईएसआय) यातलं कलम ६३ चार ओळींचं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, पण इथे कलमांचे क्रमांक मी जुन्या कायद्याचेच वापरतो. कारखान्यात काम करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते वाचलेलं असतं, आणि ज्याच्यावर ते लागू होतं तो माणूस त्या वेळी अंथरुणावर असतो. कलमाचा आशय असा: ज्या दिवशी कामगार कामावर आहे, पगारी रजेवर किंवा पगारी सुट्टीवर आहे, किंवा संपावर आहे, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ त्याला मिळणार नाही.

वाचताना यात काही गैर वाटत नाही. एकाच दिवसाचे पैसे मालकाकडूनही घ्यायचे आणि विम्याकडूनही, हे कसं चालेल? दोन-चार दिवसांच्या तापाला हा नियम लावला तर कुणाचं काही बिघडतही नाही. पण क्षय, कर्करोग, अर्धांगवायू असा चार-सहा महिने किंवा दोन वर्षं घेणारा आजार आला, की याच चार ओळी कामगाराच्या हजारो रुपयांचा निकाल लावतात. तो निकाल बहुतेक वेळा कारखान्याच्या ऑफिसात, कामगाराला न विचारता लागतो. मालकाने दिलेला पैसा विम्याच्या पैशात भर घालणारा असावा, त्याला काटणारा नसावा, एवढंच माझं म्हणणं आहे. आजची व्यवस्था उलट चालते, आणि ती बदलायला फार मोठी क्रांती लागत नाही.

लहान कारखान्यांची पगारपत्रकं आणि ईएसआयची चलानं करून देणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हे सगळं मला कायद्याच्या पुस्तकापेक्षा हजेरीच्या मस्टरवर जास्त दिसतं.

यंत्रणा अशी चालते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. आजारी पडल्यावर ईएसआयच्या दवाखान्यातला डॉक्टर सर्टिफिकेट देतो, ते शाखा कार्यालयात जातं आणि सरासरी रोजच्या वेतनाच्या ७० टक्के रक्कम खात्यात जमा होते. अशी मुदत वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. सुरुवातीचे दोन दिवस सहसा प्रतीक्षेचे धरतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. आजार ठरलेल्या ३४ दीर्घ आजारांच्या यादीतला असेल, तर ९१ दिवस संपल्यावर वाढीव मुदतीचा लाभ सुरू होतो. त्याचा दर ८० टक्के, मुदत दोन वर्षांपर्यंत. महाराष्ट्रात दवाखाने बहुतांशी राज्य सरकारच्या हातात आणि पैशाचा व्यवहार केंद्राच्या महामंडळाकडे. औषध एका दारी आणि पैसा दुसऱ्या, अशी ही विभागणी आजारी माणसाच्या घरच्यांना चांगली पाठ होते.

या योजनेचा पहिला आराखडा प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये सरकारला दिला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. स्वातंत्र्यानंतर कायदा झाला आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. त्यामागचा विचार साधा होता. आजारी कामगाराचं घर मालकाच्या मेहेरबानीवर चालू नये, त्याने स्वतः भरलेल्या आणि मालकाने भरलेल्या वर्गणीतून त्याला हक्काने पैसे मिळावेत. विचार आजही पटतो. पण हक्काचा हिशेब मात्र मालकाच्या कागदावरून होतो. किती पगार दाखवला, किती दिवस दाखवले, गैरहजेरी कोणत्या खात्यात टाकली, यावरून तो ठरतो. मेहेरबानी दारातून बाहेर काढली आणि पगारपत्रकाच्या खिडकीतून ती परत आत आली.

दाखवलेल्या पगाराचंच घ्या. एखाद्या वर्कशॉपमध्ये कामगाराच्या हातात महिन्याला १८,००० येतात. बँकेत १२,००० जमा होतात, बाकीचे ६,००० पाकिटात. पगारपत्रकावर १२,००० एवढंच. कामगाराची यावर तक्रार नसते, कारण हातात येणारा आकडा तोच राहतो, शिवाय कापणी कमी. या लपवलेल्या ६,००० वर मालकाची महिन्याला १९५ रुपये आणि कामगाराची ४५ रुपये वर्गणी वाचते. दोघांचे मिळून २४० रुपये. आता हा माणूस आजारी पडतो. महिना ३० दिवसांचा धरून ढोबळ हिशेब केला तर खऱ्या पगारावर त्याचं रोजचं वेतन ६०० आणि ७० टक्के दराने लाभ रोज ४२०, म्हणजे महिन्याला १२,६०० रुपये. कागदावरच्या पगारावर रोजचं वेतन ४०० आणि लाभ २८०, महिन्याला ८,४००. दर महिन्याला ४,२०० चं नुकसान. वाढीव मुदतीच्या लाभात ८० टक्क्यांनी ते ४,८०० वर जातं. पाकीट तर आजारपणात बंदच झालेलं असतं. दोन वर्षांचा आजार असेल तर २४० रुपयांच्या त्या बचतीची किंमत लाखाच्या घरात पोहोचते, आणि ती सगळी एकट्या कामगाराकडून वसूल होते. मालकाला त्याचे १९५ वाचलेलेच राहतात.

कंत्राटी कामगारांची तर आणखी वेगळी कथा. वाढीव मुदतीच्या लाभासाठी दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि आधीच्या चार सहामाही वर्गणी-कालावधींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. विमा क्रमांक खरं तर एकाच माणसाला आयुष्यभरासाठी एकच हवा. पण कंत्राटदार बदलला की नवा माणूस घाईत नवा क्रमांक काढून मोकळा होतो, आणि आधीची वर्गणी जुन्या क्रमांकावर पडून राहते. पाच वर्षं त्याच गेटमधून आत जाणारा माणूस कागदावर आठ महिन्यांचा नवखा ठरतो. क्रमांक जोडून घेता येतात, अर्ज करावा लागतो. पण ही धावपळ केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये करायची असते.

आता कलम ६३ कडे. मालकाचा हेतू वाईट नसतानाही कामगाराचं नुकसान कसं होतं ते इथे दिसतं. भोसरीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या एकाला क्षय निघाला. पगार १८,०००. पगारपत्रक स्वच्छ, वर्गणी वेळेवर, त्या बाबतीत बोट ठेवायला जागा नव्हती. १५ नोव्हेंबरपासून तो घरी. त्याच्या खात्यावर ३४ पीएल, म्हणजे कमावलेल्या पगारी रजा, साठलेल्या. ऑफिसातून निरोप गेला, “आधी पीएल संपव, नंतर ईएसआयचं बघू. तेवढे दिवस पूर्ण पगार तरी मिळेल.” निरोप देणाऱ्याला वाटलं आपण त्याचं भलं करतोय. कामगारालाही तसंच वाटलं. एप्रिलच्या मध्यात तो कामावर परत आला, म्हणजे एकूण गैरहजेरी साधारण १५० दिवसांची.

याचा हिशेब मांडून पाहू. ३४ दिवसांच्या रजेचा पगार रोज ६०० प्रमाणे २०,४०० मिळाला. त्या दिवसांचा विम्याचा लाभ कलम ६३ प्रमाणे मिळाला नाही. पहिल्या दिवसापासून विम्याचं सर्टिफिकेट लावलं असतं, तर ९१ दिवसांची साधी मुदत लवकर संपून वाढीव मुदतीचे ३४ दिवस जास्त मिळाले असते. ४८० प्रमाणे १६,३२० रुपये. म्हणजे आजारपणात त्याच्या हातात ४,०८० रुपये जास्त पडले, आणि त्याच्या बदल्यात २०,४०० ची कमावलेली रजा संपली. निव्वळ तोटा १६,३२०. कामावर परत आल्यावर तब्येत पूर्ण सुधारलेली नव्हती, अधूनमधून दिवस पडत होते, आणि खात्यावर एकही रजा नव्हती. ते दिवस बिनपगारी गेले.

पीएल ही काही मालकाने दिलेली आजारपणाची सवलत नाही. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस अशी ती कमवावी लागते. ती कामगाराची साठवण आहे. ईएसआयच्या कायद्यात कुठेही असं म्हटलेलं नाही की आधी रजा संपवा आणि मग आमच्याकडे या. ही नुसती ऑफिसांची वहिवाट आहे. आणि ती मालकाच्याही फायद्याची नाही, हे विशेष. त्या ३४ दिवसांचा पगार मालकाच्या खिशातून गेला, महामंडळाचे १६,३२० वाचले. ज्या विम्यासाठी दोघांनी वर्षानुवर्षं वर्गणी भरली त्याला ऐन वेळी बाजूला बसवून दोघांनी स्वतःचे पैसे खर्च केले.

मात्र ‘पीएलला हात लावू नका’ असा सरसकट सल्लाही मी देणार नाही, कारण या हिशेबाला आणखी एक बाजू आहे. साधा आजारपणाचा लाभ मिळायला आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी-कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा हक्क उभा राहतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. पगारी रजेच्या पगारातून वर्गणी कापली जाते, म्हणून ते दिवस मोजले जातात. विम्याच्या लाभाचे दिवस पगाराचे नसतात. आपल्या लेथवाल्याचे ऑक्टोबरचे ३१ आणि नोव्हेंबरचे १४ मिळून ४५ दिवस भरले होते. त्यात रजेचे ३४ मिळवले की ७९. फक्त एका दिवसाच्या फरकाने जुलै ते डिसेंबरचा त्याचा हक्क शाबूत राहिला. रजा न लावता सगळे दिवस ईएसआयवर काढले असते, तर त्या पावसाळ्यात डेंग्यू झाला असता तरी त्याला दमडी मिळाली नसती.

म्हणजे कोणत्या दिवसाला रजा लावायची आणि कोणत्या दिवसाला विमा, हा प्रत्येक माणसागणिक वेगळा हिशेब आहे. आजार किती लांबेल, यादीतला आहे का, वर्गणीचे किती दिवस भरलेत, रजा किती शिल्लक आहे, या चार गोष्टी माहीत असल्या की कुणीही क्लार्क तो दहा मिनिटांत मांडू शकतो. मांडत कुणी नाही, कारण तसं करणं कुणावर बंधनकारक नाही. दहा दिवसांपेक्षा जास्त आजारी रजेवर जाणाऱ्या प्रत्येक कामगाराला मालकाने हा हिशेब लेखी द्यावा आणि निवड कामगाराची असावी, असा नियम का नसावा? पगारचिठ्ठी देणं बंधनकारक करता येतं, तर हा अर्धा कागद काही अवघड नाही.

या सगळ्यावरचा चांगला तोडगा खुद्द आपल्याच नियमांत अर्धवट लिहून ठेवलेला आहे. ईएसआयच्या १९५० च्या विनियमांत ९७ वा विनियम म्हणतो की कामगाराने आजारपणासाठी मालकाकडून रजा घेतली, तर त्या काळात त्याला मिळू शकणाऱ्या विम्याच्या लाभाएवढी रक्कम मालक रजेच्या पगारातून वजा करू शकतो. थोडक्यात, ४२० विम्याने द्यावेत आणि उरलेले १८० मालकाने, कामगाराच्या हातात पूर्ण ६०० पडावेत. जिथे युनियन जागी आहे आणि ऑफिसात जाणता माणूस आहे, तिथे असा फरक मिळवताही येतो. पण लहान कारखान्यात याचं नाव काढलं की समोरचा विचारतो, “मग कलम ६३ चं काय? पगारी रजेच्या दिवशी लाभ नाही म्हणतात ना?” त्याची भीती अगदीच खोटी नाही. एकीकडे कायदा म्हणतो पगारी रजेला लाभ नाही, दुसरीकडे विनियम गृहीत धरतो की लाभ आणि रजेचा पगार दोन्ही एकाच काळात असतील. दाव्याच्या अर्जावर कामगाराला लिहून द्यावं लागतं की या दिवसांत आपण काम केलं नाही आणि पगारी रजा घेतली नाही. त्यावर सही करून मालकाकडून १८० रुपये घ्यायचे तर माणूस कचरतो. मालकही कचरतो, चलानात ती रक्कम पगार म्हणून दाखवायची की नाही हे त्याला ठाऊक नसतं. मग दोघं मिळून सगळ्यात सोपा मार्ग धरतात: एक तर पूर्ण पगारी रजा, नाही तर बिनपगारी आणि फक्त ईएसआय.

जर्मनीत हाच प्रश्न कसा सोडवला आहे ते पाहण्यासारखं आहे. तिथे पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. त्यानंतर आरोग्य विमा ढोबळ पगाराच्या ७० टक्के देतो, हातात येणाऱ्या पगाराच्या ९० टक्क्यांच्या मर्यादेत, आणि एकाच आजारासाठी तीन वर्षांत मिळून ७८ आठवड्यांपर्यंत. या काळात मालकाने वरून काही रक्कम दिली, तर विमा आणि मालक दोघांचे मिळून नेहमीच्या हातातल्या पगाराच्या आसपास राहीपर्यंत ती रक्कम विम्यातून वजा होत नाही. मालकाने पूर्ण पगार दिला तर विमा थांबतो, भर घातली तर थांबत नाही. आमचं कलम ६३ हा फरकच करत नाही. जर्मनीइतका पैसा आपल्याकडे नाही हे मान्य, पण पूर्ण पगार आणि पगारातली भर यांत फरक करायला पैसा लागत नाही.

आता २१,००० च्या रेषेविषयी. १ जानेवारी २०१७ ला ती १५,००० वरून इथे आली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तिथेच राहिली. मधल्या काळात किमान वेतन वाढलं, करार झाले, महागाई भत्ता चढला. परिणाम असा की एप्रिल आणि ऑक्टोबर जवळ आले की माझ्याकडे काही कामगार येतात आणि विचारतात, “साहेब, वाढ दुसऱ्या कशात तरी दाखवता येईल का? २१ च्या वर जायला नको.” पगारवाढ नको म्हणणारा कामगार मी या एकाच कारणापायी पाहिला आहे. २०,८०० चे २१,३०० झाले, की चालू वर्गणी-कालावधी संपल्यावर तो योजनेच्या बाहेर. ५०० रुपयांच्या बदल्यात घरच्या सगळ्यांचे उपचार गेले, आणि दोन वर्षांचा आजारपणाचा पैसा गेला.

रेषेच्या वरच्यांसाठी कायद्यात आजारपणाचा असा विमाच नाही. कारखाने कायद्यात आजारी रजा नव्हती, होती ती कमावलेली रजा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि ४५ दिवसांपर्यंत साठवता येणारी अर्जित रजा आहे, आजारपणाचा वेगळा हक्क नाही. हिंजवडीत पाच आकडी पगार घेणाऱ्याला वाटतं आपल्याला कंपनीचा मेडिक्लेम आहे, काळजी नाही. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरतो. घराचा हप्ता, मुलांची फी, किराणा त्यातून येत नाही. तीन महिन्यांनी पगार थांबला की त्याची आणि लेथवाल्याची अवस्था सारखीच होते, उलट लेथवाल्याला निदान ८० टक्के तरी मिळत असतात. सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला वीस दिवसांची अर्धपगारी रजा मिळते आणि ती साठतही राहते. खाजगी नोकरीतला मधला माणूस मात्र ना इकडचा ना तिकडचा.

रेषा २५,००० करा की ३०,००० करा यावर चर्चा चालूच असते. माझ्या मते रेषा कुठे असावी हा दुय्यम प्रश्न आहे. रेषा ओलांडल्यावर माणूस बाहेर फेकला जातो ही मूळची खोट आहे. भविष्य निर्वाह निधीत असं होत नाही. तिथे मर्यादा १५,००० ची आहे, पण एकदा सभासद झालेला माणूस पगार वाढला तरी सभासद राहतो, वर्गणी त्या मर्यादेपर्यंतच्या पगारावर भरता येते. ईएसआयमध्ये तसंच करावं. पगार ४०,००० झाला तरी वर्गणी २१,००० वर आणि आजारपणाचा लाभही २१,००० च्या हिशेबाने. वरची भर मालकाने घालावी किंवा न घालावी. पगार वाढला म्हणून विमा काढून घेणं हे कोणत्याही विम्याच्या तर्कात बसत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, ईएसआय आणि कारखाने हे कायदे त्यांत विलीन झाले, आणि ‘वेतना’ची व्याख्या बदलली. मूळ पगार आणि महागाई भत्ता हे वेतन. घरभाडे, प्रवास, ओव्हरटाइम वगैरे बाहेर, पण ही बाहेरची रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर जास्तीची वेतनात धरायची. ज्या कंपन्यांनी मूळ पगार मुद्दाम छोटा ठेवून बाकी सगळं भत्त्यांत घातलं होतं, त्यांना हा चांगला चाप आहे. पण ईएसआयच्या जुन्या व्याख्येत घरभाडं आणि ओव्हरटाइम दोन्ही वेतनात येत होते. मूळ पगार १२,०००, घरभाडं ३,००० आणि ओव्हरटाइमचे ३,००० असा ज्याचा १८,००० चा हिशेब आहे, त्याचं वेतन नव्या व्याख्येने १२,००० भरतं. म्हणजे पाकिटातला पगार लपवून जे नुकसान होत होतं, नेमकं तेच आता कायदेशीरपणे होण्याची वाट मोकळी झाली. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर काही जण या व्याख्येमुळे २१,००० च्या खाली येऊन पुन्हा योजनेत येतील, हा फायदा आहे. आजारपणाच्या लाभासाठी तरी प्रत्यक्ष मिळणारा सगळा नियमित मोबदला धरायला हवा. आजारी माणसाचा घरखर्च काही मूळ पगारापुरता आक्रसत नाही.

नोकरीचं काय, हा प्रश्न पैशाच्या आड दडून राहतो. कलम ७३ प्रमाणे आजारपणाचा लाभ चालू असताना मालक कामगाराला काढू शकत नाही. पण विनियम ९८ मध्ये मुदती आहेत. साध्या आजारात सलग सहा महिने उपचार झाल्यावर, आणि क्षय, कुष्ठरोग, कर्करोग, अर्धांगवायू अशा आजारांत अठरा महिन्यांनंतर, सेवाशर्तींत तशी तरतूद असेल तर नोटीस देऊन सेवा संपवता येते. विमा दोन वर्षं पैसे द्यायला तयार, नोकरी मात्र अठरा महिन्यांत जाऊ शकते. ही दोन घड्याळं जुळवून घ्यायचं इतक्या वर्षांत कुणाच्या मनात कसं आलं नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

याच्या विरुद्ध जे बोललं जातं त्यात दोन गोष्टी नेहमीच्या. पहिली, पूर्ण पगाराइतके पैसे मिळाले तर लोक दांड्या मारतील, खोटी सर्टिफिकेटं आणतील. आठवड्याच्या पाठदुखीबाबत हे शक्य आहे, गावच्या जत्रेच्या सुमारास पाठी जास्त दुखतात हे मस्टरवर दिसतं. त्यासाठीच दोन दिवसांची प्रतीक्षा आणि ७० टक्के आहेत, ते राहू द्यावेत. पण थुंकीच्या तपासणीत निघालेला क्षय किंवा डायलिसिसवरचा माणूस खोटा नसतो. मालकाची भर घालायची मोकळीक ३४ आजारांपुरती दिली तरी मोठा प्रश्न सुटतो, आणि त्या आजारांत लबाडीला जागा फारशी नाही. महामंडळाला यात जास्तीचा रुपयाही द्यावा लागत नाही. २०१९ च्या जुलैत एकूण वर्गणी ६.५ वरून ४ टक्क्यांवर आणली गेली. त्या अडीच टक्क्यांतला थोडासा भाग जरी आजारपणाचा दर ९० टक्क्यांपर्यंत नेण्यात वापरला असता तर मला जास्त आवडलं असतं. कामावरच्या अपघाताला ९० टक्के मिळतात. कर्करोग झाला म्हणजे माणसाचं पोट दहा टक्क्यांनी लहान होतं का?

दुसरी हरकत लहान मालकांची. “आम्हीच कसेबसे तगून आहोत, वरचा फरक कुठून देऊ?” ही हरकत मी हसण्यावारी नेत नाही, कारण माझी गिऱ्हाइकं तीच आहेत. पण हिशेब पाहा. १८,००० वाला कामगार ईएसआयवर घरी असताना मालकाचा पगार वाचतो १८,००० आणि वर्गणी ५८५. बदली माणूस तितक्याच पगारावर ठेवला तर हे १८,५८५ तिकडे जातात. वाढीव मुदतीत कामगाराला विम्याचे १४,४०० मिळतात, फरक राहतो ३,६००. मालकाला खरा भार एवढाच, आणि तो घेण्याची सक्ती करा असं मी म्हणत नाही. ज्याला द्यायचे आहेत त्याला ते बिनधास्त देता यावेत, पुढे तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने त्यावरून कामगाराचा लाभ परत मागू नये, एवढीच व्यवस्था हवी. तीही संसदेत न जाता होऊ शकते, कारण कलम ६३ ची सुरुवातच ‘विनियमांत अन्यथा तरतूद असल्याखेरीज’ अशी आहे. संपाच्या बाबतीत हे दार वापरून महामंडळाने विनियम ९९-अ केला. इस्पितळात दाखल असलेल्याला आणि वाढीव मुदतीचा लाभ घेणाऱ्याला संपाच्या काळातही पैसे मिळावेत, अशी त्यात सोय आहे. संपावरच्या आजारी माणसासाठी जो अपवाद करता आला, तो मालकाकडून महिन्याला ३,६०० घेणाऱ्या आजारी माणसासाठी करायला एक वाक्य पुरेल: विम्याचा लाभ आणि मालकाने दिलेली रक्कम मिळून नेहमीच्या वेतनापेक्षा जास्त होत नसेल, तर तो दिवस पगारी रजेचा धरू नये.